गॅरेजच्या ओट्यावर झोपणारा मुलगा

कल्याण स्टेशनजवळ दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज चालवणाऱ्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून आणि मुलाचं नाव बदलून त्याचा सारांश देत आहोत.

"गेल्या दिवाळीपासून बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा माझ्या गॅरेजच्या ओट्यावर झोपतो. त्याला गणू म्हणू. दिवसभर स्टेशनवर बाटल्या गोळा करतो, कधी गाडीत झाडू मारून पैसे मागतो. सकाळी शटर उघडलं की मी त्याला चहा-पाव देतो. पोरगा चलाख आहे. एकदा दाखवलं की प्लग साफ करतो, दहा-अकराचा पाना मागितला की बरोबर तोच आणून देतो. पण नशेसाठी रुमालात पंक्चरचं सोल्युशन ओढतो. घरचं विचारलं की 'कोणी नाही' म्हणतो. मात्र एमएच २२ ची गाडी आली की गाडीवाल्याला हमखास विचारतो, 'परभणीचे का?' मी स्वतः बाराव्या वर्षी उस्तादच्या हाताखाली लागलो, माझं काही वाईट झालं नाही. त्याला कामावर ठेवावं, रोज शंभर रुपये द्यावेत, हाताला काम लागलं की व्यसनही सुटेल, असं वाटतं. बायको म्हणते घरीच आणू. आम्हाला चौदा वर्षांची एक मुलगी आहे. शेजारचा दुकानदार म्हणतो, पोलिसांना कळव आणि मोकळा हो. पण गणूच्या जोडीदाराला मागे सुधारगृहात टाकलं होतं. तिथे मार बसतो म्हणून तो आठवड्यात पळून आला. त्यामुळे फोन करायला मन होत नाही. काय करू?"

नमस्कार दादा,

आधी तुमच्या थेट प्रश्नाचं उत्तर देते: कामावर ठेवू नका. चौदा वर्षांखालच्या परक्या मुलाला कुठल्याही धंद्यात कामाला लावणं बालकामगार कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीपासून पूर्णपणे बंद आहे. सहा महिने ते दोन वर्षं कैद, किंवा वीस ते पन्नास हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, आणि गुन्हा दखलपात्र. 'पगार कुठे देतो, शिकवतो फक्त' ही सबब चालत नाही. पण तुम्ही दंडाच्या भीतीने मागे सरलात आणि गणू पुढच्या गल्लीतल्या गॅरेजवर लागला, तर या उत्तराचा उपयोग काय? म्हणून कायदा जरा बाजूला ठेवू आणि तुमचा हिशोब तपासू.

तुम्ही उस्तादकडे लागलात, चांगले कारागीर झालात. पण संध्याकाळी ग्रीसचे हात धुऊन कुठे जात होतात? बहुधा घरी. कोणीतरी ताट वाढत होतं, ताप आला तर दवाखान्यात नेत होतं, आणि उस्तादने जास्तच बडवलं तर त्याला जाऊन जाब विचारणारं माणूस होतं. रेशनकार्डावर तुमचं नाव होतं. उस्तादने हुन्नर दिला, बाकीचं घराने दिलं. गणूच्या बाबतीत ते बाकीचं कोण देणार? आणि काम नाही म्हणून तो बिघडला असंही नाही. पहाटेच्या गाड्या रिकाम्या झाल्यापासून तो बाटल्या वेचतोच आहे. कामाला तो तुमच्या-माझ्याइतकाच जुंपलेला आहे.

रोजच्या शंभर रुपयांचं काय होईल तेही बघा. रस्त्यावरच्या मुलाजवळ पैसे ठेवायला जागा नसते. झोपला की खिसा मोठी पोरं साफ करतात. म्हणून हातात आलेले पैसे रात्रीच्या आत संपवणं हाच त्याच्या दृष्टीने शहाणपणा असतो. आपण त्याला उधळेपणा म्हणतो. मिसळ, मोबाइलवर गेम, मित्रांना पार्टी आणि सोल्युशन, असा तो पैसा जातो. शंभर वाढले की सोल्युशनही वाढतं.

आता सोल्युशनचंच बोलू, कारण तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती इथे. काम मिळालं की व्यसन सुटेल असं तुम्ही म्हणता, आणि काम देताय कुठे, तर पंक्चरचं सोल्युशन, थिनर आणि पेट्रोल जिथे हाताशी आहे तिथे! मुलं हे ओढतात ते चैनीसाठी कमी आणि भूक, थंडी, भीती मारण्यासाठी जास्त. फलाटावर झोपणाऱ्या मुलाला रात्री अंगावर हात टाकणारेही भेटतात, आणि गुंगीत असलं की त्याचं काही वाटेनासं होतं. रागावून किंवा शपथ घालून हे सुटत नाही. भूक आणि रात्रीची भीती आधी जावी लागते, मग डॉक्टर आणि समुपदेशक. हा पदार्थ मेंदूवर आणि यकृतावर परिणाम करतो, आणि एखाद्या वेळी एका दमातच हृदय बंद पडू शकतं. थिनरचा डबा, सोल्युशनच्या ट्यूब आज रात्रीपासून कुलपात ठेवा. तुमच्या गल्लीतला कुणी मुलांना हे सर्रास विकत असेल, तर पोलिसांना सांगा. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मुलाला नशेची वस्तू देणाऱ्याला बालन्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

'त्याला कोणी नाही' हे तुम्ही खरं धरलंत. मी धरणार नाही, आणि त्याला खोटारडाही म्हणणार नाही. रस्त्यावर दिसणारी मुलं साधारण तीन तऱ्हांची असतात. काही आई-बापासकट फुटपाथवर राहतात. काही दिवसभर रस्त्यावर असतात आणि रात्री जवळच्या वस्तीत घरी जातात. काही खरोखर एकटी असतात. या एकट्यांतही बऱ्याच जणांचं घर कुठेतरी असतं, पण ते सोडून आलेली असतात: मारहाण, सावत्र बाप, दहावी-बारावीतल्या भावाशी सततची तुलना, वीटभट्टीवरचं काम, कधी नुसतं मुंबई बघायची हौस. नाव, गाव आणि घरची गोष्ट ती बदलून सांगतात. खरं सांगितलं की कोणीतरी गाडीत बसवून परत पाठवेल, हे त्यांना ठाऊक असतं.

पण एमएच २२ ची पाटी दिसली की जो मुलगा हातातलं काम टाकून गाडीवाल्याकडे जातो, त्याच्या मनात परभणीत कोणीतरी आहे. कदाचित आजी, कदाचित धाकटी बहीण. कदाचित ज्याच्यापासून पळाला तोही तिथेच आहे, आणि म्हणूनच तुम्ही त्याला परस्पर परभणीच्या गाडीत बसवू नका. तिथल्या एखाद्या पोलीस ठाण्यात मुलगा हरवल्याची तक्रार पडून असू शकते. आईने चार स्टेशनं पालथी घातलेली असू शकतात. हे तुम्ही एकट्याने शोधायचं नाही, पण शोधणाऱ्याला ही पाटीची गोष्ट सांगायची. घरचा पत्ता नाही म्हणणाऱ्या मुलाबाबत एवढा धागासुद्धा मोठा असतो.

शोधणारे कोण? इथे तुमची फोनची भीती येते. ती निराधार आहे असं मी म्हणणार नाही. चांगली बालगृहं आहेत, तशी जिथे मुलं कोंडल्यासारखी राहतात अशीही आहेत. पण ज्याला सगळे सरसकट 'सुधारगृह' म्हणतात त्यात दोन वेगळ्या जागा येतात. गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांसाठी निरीक्षणगृह असतं. गणूसारख्या, काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांसाठी बालगृह, आणि शहरांत काही ठिकाणी खुलं निवारागृह, जिथे मूल थोड्या काळासाठी राहू शकतं. गणूचा जोडीदार यांपैकी कुठे होता, हे आधी विचारा.

निर्णय पोलीस घेत नाहीत. तो बाल कल्याण समिती घेते: एक अध्यक्ष, चार सदस्य, त्यांत किमान एक स्त्री, आणि समितीला दंडाधिकाऱ्याचे अधिकार. प्रत्येक जिल्ह्याला अशी समिती असते, तशी ठाणे जिल्ह्यालाही आहे. मूल ताब्यात आल्यापासून, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांत समितीपुढे न्यावं लागतं. नेणारा पोलीसच हवा असं नाही. संस्था नेऊ शकते, तुमच्यासारखा नागरिक नेऊ शकतो, मूल स्वतःहूनही जाऊ शकतं. मग समाजकार्यकर्ता मुलाच्या घरची चौकशी करून अहवाल देतो. समितीने शक्यतो चार महिन्यांत अंतिम आदेश द्यावा अशी तरतूद आहे. घरी पाठवणं सुरक्षित असेल तर घर हाच पहिला पर्याय. नसेल तर बालगृह, नातेवाईक किंवा प्रतिपालक कुटुंब, म्हणजे समितीच्या परवानगीने मूल सांभाळणारं दुसरं कुटुंब.

एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. कुटुंबाचा आधार नसलेलं मूल सापडलं तर २४ तासांत कळवणं कायद्याने आपल्यावर बंधनकारक आहे, आणि दिवाळी होऊन गेली आहे. हे घाबरवायला सांगत नाही. कळवण्यात घाई करा, हलवण्यात घाई करू नका.

म्हणजे असं. चाइल्डलाइनचा १०९८ क्रमांक फुकट आणि चोवीस तास चालतो. १९९६ साली मुंबईतच, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या एका प्रकल्पातून तो सुरू झाला. २०२३ पासून तो राज्य सरकारं चालवतात आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडलेला आहे. त्याच्याच जोडीला स्टेशनवर काम करणाऱ्या एखाद्या संस्थेशी बोला. ठाणे-कल्याण-मुंबईच्या पट्ट्यात पळून आलेल्या मुलांना घरी परत जोडण्याचं काम समतोल फाउंडेशन करते, तर मुंबईत सलाम बालक ट्रस्ट ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून याच मुलांबरोबर आहे. फोनवर सांगा की मुलगा माझ्याकडे रोज येतो, धोक्यात नाही, पण सोल्युशन ओढतो, आणि बोलायला येणाऱ्या माणसाने गणवेशात येऊ नये. कार्यकर्ता गॅरेजवर दोन-तीनदा आला, गणूबरोबर चहा प्यायला, तर पुढचं निम्मं काम झालं. समितीपुढे जायच्या दिवशी शक्य असेल तर तुम्हीही सोबत जा.

आणि गणूला फसवून नेऊ नका. 'चल, फिरून येऊ' म्हणून नेलेलं मूल तिसऱ्या दिवशी पळतं, आणि पुढच्या प्रत्येक चांगल्या माणसावरचा त्याचा विश्वास उडतो. कुठे जायचं, तिथे कोण असेल, मी भेटायला कधी येईन, हे सगळं त्याला आधी सांगा. तो नाही म्हणेल. दुसऱ्यांदाही नाही म्हणेल. जोडीदाराने जे सांगितलं ते त्याच्या डोक्यात पक्कं बसलं आहे, ते एका बैठकीत निघणार नाही. मात्र कोणी त्याच्याशी वाईट वागत असल्याचं कळलं, किंवा तो आजारी, जखमी दिसला, तर या सगळ्या समजावणीची वाट बघू नका, लगेच फोन लावा.

शाळेबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही. गॅरेजमध्ये अक्षरांपेक्षा हाताला किंमत असते, म्हणून असेल. पण गाडीची पाटी वाचणाऱ्या, पान्याचे नंबर ओळखणाऱ्या मुलाला शाळेची अडचण अक्षरांची नसतेच फारशी. बारा वर्षांच्या मुलाला सात वर्षांच्या पोरांत बसायची लाज वाटते, ती खरी अडचण. शिक्षण हक्क कायद्यात सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश आहे, मागे पडलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण आहे, आणि जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात मुख्याध्यापकांना कलम दाखवावं लागतं, आणि मुलाला रोज शाळेच्या दारापर्यंत सोडणारं कोणी लागतं. तुमच्या जवळचंच उदाहरण घ्या. ठाण्यात तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ पासून सिग्नल शाळा भरते, समर्थ भारत व्यासपीठ आणि ठाणे महापालिका मिळून ती चालवतात. मुलं शाळेपर्यंत येत नाहीत म्हणून शाळा त्यांच्या सिग्नलखाली गेली. पुण्या-मुंबईत डोअर स्टेप स्कूलने हेच बांधकामांवर आणि वस्त्यांत नेलं, फिरत्या बसमध्येसुद्धा वर्ग भरवले. वय फारच पुढे गेलं तर मुक्त विद्यालय आहे, आणि दहावीला बाहेरून बसायला आपला ओळखीचा सतरा नंबरचा फॉर्म.

आठवीपर्यंत तो पोहोचला तर तुमच्या हुन्नराचा रस्ता मोकळा होतो. आयटीआयला चौदा पूर्ण लागतात, आणि वायरमन, वेल्डर, सुतारकाम असे काही ट्रेड आठवी पासवर मिळतात. पंधराच्या पुढच्यांसाठी जन शिक्षण संस्थांचे छोटे अभ्यासक्रम आहेत, फार शिक्षण नसलेल्यांनाही चालणारे. चौदा ते अठरामध्ये धोक्याचं नसलेलं काम चालतं, पण त्यालाही बंधन आहे: विश्रांती धरून दिवसाला सहा तास, संध्याकाळी सात ते सकाळी आठ काम नाही, आठवड्याला सुट्टी. तुमच्या उस्तादच्या दुकानात असं काही नव्हतं हे मला माहीत आहे.

तोवर तुम्ही नुसते बघत बसायचं का? अजिबात नाही. गणू बालगृहात गेला, तर तिथल्या अधीक्षकांना भेटा आणि विचारा की दर रविवारी दोन तास येऊन मुलांना शिकवलं तर चालेल का. भंगारातलं एखादं जुनं स्कूटरचं इंजिन न्या. पेट्रोल नाही, थिनर नाही, नुसतं खोलायचं आणि जोडायचं. पिस्टन हातात आला की पोरं गप्प होतात, आणि मग विचारू लागतात. बालगृहांमध्ये शिवणकाम, अगरबत्ती, मेणबत्ती हे ठरलेलं असतं. हाताला खरा धंदा लावणारा माणूस क्वचित येतो. परवानगी लागेल, ओळखपत्र, पोलीस पडताळणी मागतील. मागूच देत. मुलांजवळ जाणाऱ्या कोणाचीही चौकशी व्हायलाच हवी, तुमची आणि माझीसुद्धा. यातून गणूला कळेल की तुम्ही त्याला 'टाकून' गेला नाहीत. बालगृहातून पळणं सगळ्यात कमी कशाने होत असेल तर भेटायला येणाऱ्या ओळखीच्या माणसाने.

आणि त्याला खरोखर तुमची नोकरी लागेल ती अठराव्या वर्षी. त्या वाढदिवसाला बालगृह संपतं. अनुरक्षणाची, म्हणजे बालगृहातून बाहेर पडल्यावरच्या आधाराची, सोय एकविसाव्या वर्षापर्यंत आहे, अडचण असेल तर तेविसापर्यंत, पण जागा अपुऱ्या, आणि खोली भाड्याने द्यायला कोणी तयार नसतं. घर सापडलंच नाही आणि तो अनाथ ठरला, तर अनाथ प्रमाणपत्र वेळेत काढून घ्या म्हणावं. महाराष्ट्रात २०१८ पासून अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत एक टक्का आरक्षण आहे, पण कागद नसेल तर ते कागदावरच राहतं. तेव्हा त्याला पूर्ण पगारावर ठेवा. बँकेत खातं उघडून.

घर सापडलं आणि समितीला ते योग्य वाटलं, तर गरिबी हे मुलाला न पाठवायचं कारण नाही. एकट्या आईला किंवा आजीला राज्याच्या बालसंगोपन योजनेतून मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळू शकतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे. ते फॉर्म भरायला मदत करणारं माणूस परभणीत कोणी नसेल, तर तुम्ही फोनवरून पाठपुरावा करा; चहा-पावापेक्षा त्याचं मोल जास्त आहे.

हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी दोन शब्द. सिग्नलला काच वाजवणाऱ्या प्रत्येक मुलाला गणू समजू नका. आई-बापासकट फुटपाथवर राहणाऱ्या मुलाला उचलून संस्थेत टाकणं म्हणजे मदत नव्हे. त्या कुटुंबाला शाळा, अंगणवाडी आणि रेशन मिळवून देणं ही मदत. कडेवर गुंगीतलं बाळ घेऊन भीक मागणारी बाई दिसली तर पैसे देण्यापेक्षा १०९८ लावा. आणि कृपा करून मुलांचे फोटो ग्रुपवर टाकू नका. 'पोचवा, कोणाचं आहे बघा' म्हणून फिरवलेला फोटो त्या मुलाला ज्याच्यापासून पळायचं होतं त्याच्यापर्यंतही पोचतो. अशा मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आता वहिनींचं. त्यांचं मन मोठं आहे, आणि मला तुमच्या पत्रातलं ते वाक्य सगळ्यात आवडलं. पण असं परस्पर घरी ठेवता येत नाही. उद्या त्याचे आई-वडील पोलिसांना घेऊन दारात आले, तर तुमची बाजू कागदावर कुठेच नसेल. प्रतिपालकत्व नावाची कायदेशीर वाट आहे. २०२४ च्या नव्या मार्गदर्शक तत्त्वांनी ती बरीच मोकळी केली आहे, आता एकट्या माणसालाही अर्ज करता येतो. ठाण्याच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात चौकशी करा, घरभेट होईल, समिती ठरवेल. गणूच मिळेल याची खात्री नाही, त्याचं घर सापडलं तर मिळूही नये. कळायला लागलेलं, रस्त्यावर वाढलेलं मूल घरात आणणं म्हणजे सहा महिने चोरी, खोटं बोलणं, रात्री न सांगता निघून जाणं सोसायची तयारी. ती असेल तर जरूर करा. फक्त अर्जावर सही करण्याआधी एक माणूस राहिला आहे ज्याला तुम्ही दोघांनी, पत्रावरून दिसतं तितकं तरी, अजून विचारलेलं नाही. तुमची मुलगी. तिची खोली, तिचं दहावीचं वर्ष जवळ आलेलं. ती नको म्हणाली तर समजावू नका, तिचं ऐका.